भीमाईच्या माघारी

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतल्या काकी गेल्या. नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. पण चाळीत लहानथोर सगळेच त्यांना काकी म्हणत आणि त्यांच्या मालकांना हवालदार काका. काका महार रेजिमेंटमध्ये होते. निवृत्त होऊन चाळीत आले, काही वर्षे रखवालदारी केली आणि काकींच्या अगोदर गेले. काकींचे वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. पिकले पान होते, गळाले, असे लोक म्हणाले.

जलदान विधीच्या आदल्या रात्री त्यांचा थोरला मुलगा माझ्याकडे आला. "दादा, आईचा जीवनपरिचय लिहून द्या, उद्या वाचायचा आहे." चाळीत लग्न असो की शोकसभा, कागद माझ्याकडेच येतो. मी कारकून माणूस, अक्षर बरे, आणि कार्यकर्ता म्हणून मिरवतो, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. मी फुलस्केप कागद घेतला, वर 'कालकथित' एवढा शब्द लिहिला आणि त्याला विचारू लागलो.

वडिलांचे त्याला सगळे पाठ. भरती कोणत्या साली, सागरला ट्रेनिंग किती महिने, श्रीलंकेत कधी गेले, नायक कधी झाले, हवालदार कधी, पेन्शन कधी. लष्करी नंबरसुद्धा न अडखळता सांगितला. मग मी विचारले, "काकींचे माहेर कुठले?" म्हणाला, "खाडीपलीकडचे कुठलेतरी गाव." "माहेरचे नाव?" तो गप्प. "जन्मतारीख?" "१ जुलै," तो पटकन बोलला आणि त्याही प्रसंगी मला हसू आले. ती तारीख काकींची नव्हेच. पलटणीच्या कारकुनाने काकांच्या कागदात बसवलेली ती तारीख. नोंद नसली की आम्ही कारकून लोक अशी एखादी सोयीची तारीख टाकून देतो. माझ्या आईचीही तशीच आहे.

फोटोचीही तीच गत. काकींचा एकटीचा फोटो घरात एकही नव्हता. पेन्शनच्या कागदांना लावण्यासाठी नवराबायकोचा जोड फोटो काढतात, तेवढा एक सापडला. स्टुडिओवाल्याने काकांना कापून काकींचा मोठा करून दिला. विधीच्या दिवशी हार घातलेल्या त्या फोटोच्या कडेला काकांचा अर्धा खांदा तसाच राहिला होता.

मी लिहिले ते असे: नवऱ्याच्या नोकरीचे दोन परिच्छेद आणि बायकोच्या पाच ओळी. त्या पाच ओळींत प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. हे शब्द मी आजवर कितीतरी बायांच्या कागदांत लिहिले आहेत. नाव बदलले की कागद चालतो.

वाचकहो, यात मुलापेक्षा माझी चूक मोठी. कारण काकींना जर चाळीत कोणी ओळखायला हवे होते तर ते मी. मी त्यांचा पत्रलेखक होतो. १९८७ साली भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली, त्यात काका होते. मी तेव्हा तिसरीत. काकींना लिहितावाचता येत नव्हते आणि त्यांची मुले अजून अक्षरे गिरवत होती. महिन्यातून दोनदा त्या मला बोलवायच्या, बशीत बटर ठेवायच्या आणि निळे अंतर्देशीय पत्र माझ्यापुढे सरकवायच्या. पत्त्यात गाव नाही, जिल्हा नाही. नंबर, नाव, पलटण आणि ए.पी.ओ. मला वाटे, एवढ्या पत्त्यावर पत्र पोचते तरी कसे! काकींना मात्र खात्री.

मजकूर ठरलेला. सप्रेम जयभीम. इकडे सर्व खुशाल आहे. तुमची खुशाली कळवणे. मनिऑर्डर पोचली. त्याच काळात त्यांच्या धाकट्याला टायफॉईड झाला, तीन आठवडे पोर अंथरुणाला खिळले होते. मी आपणहून लिहायला घेतले, 'धाकट्याला ताप'. काकींना वाचता येत नव्हते, पण माझा हात नेहमीच्या ओळींपेक्षा वेगळा चालला एवढे त्यांनी ओळखले. "काय लिवलंस?" मी सांगितले. म्हणाल्या, "खोड ते. तिकडं मानूस बंदुकीशी बसलाय. त्येच्या जिवाला घोर नको." मी खोडले. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिकडे लढताना शहीद झाले. पुढे त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. बातमी चाळीत आली तेव्हा काकी नळावर होत्या. हंडा भरून वाहत राहिला. पुढच्या पत्रातही लिहिले ते एवढेच, इकडे सर्व खुशाल आहे.

काका रजेवर येत तेव्हा काळ्या ट्रंकेतून मिलिटरी कँटीनचा साबण, चहा आणि एकदा एक जाड राखाडी कांबळे आले. चाळीत कोणीही बाळंतीण घरी आली की काकी ते कांबळे घेऊन तिच्या दारात. महिना-दीड महिना ते तिच्याकडे, मग धुऊन परत, मग दुसरीकडे. माझी धाकटी बहीण त्याच कांबळ्यात निजली. किती पोरे त्यात निजली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मी बी.कॉम. झालो, पण हा हिशेब ठेवायचे मलाही सुचले नाही.

विधीच्या दिवशी बौद्धाचार्यांनी त्रिशरण पंचशील दिले, मी कागद वाचला. नंतर एक वक्ते उठले आणि म्हणाले, "काकी म्हणजे आपल्या चाळीची भीमाई." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला मात्र ते वाक्य घरी आल्यावरही सोडीना. काकींना भीमाई म्हटले खरे, पण भीमाईविषयी तरी आपल्याला काय ठाऊक आहे? त्यांचाही कागद आपण पाच ओळींतच उरकलेला नाही काय?

दर १४ एप्रिलला आपण म्हणतो, सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी १८९१ साली महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. वाक्य पुढे जाते आणि भीमाई तिथेच राहते. रमाईवर गाणी आहेत, नाटके आहेत आणि ती असायलाच हवीत. रमाई १९३५ साली गेल्या. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे आपल्या आजोबांच्या पिढीत होती. भीमाईला पाहिलेले कोणी आपल्यापर्यंत पोचलेच नाही. खुद्द बाबासाहेबांना आई आठवत असेल ती पाच वर्षांच्या पोराला आठवते तेवढीच.

जे ठाऊक आहे ते असे. माहेर ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. मुरबाडकरांचे घराणे पलटणीतले. वडील सुभेदार मेजर, चुलतेही फौजेत. सासर रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगडजवळचे आंबडवे. सासरे मालोजी सकपाळ, तेही फौजेत नोकरी केलेले. म्हणजे माहेरी शिपाई, सासरी शिपाई. रामजी शिकले, लष्करी शाळेत शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले, सुभेदार झाले. पलटण हलली की घर हलले. आजच्या जवानाच्या बायकोला बदलीच्या वेळी रेल्वेचे वॉरंट तरी मिळते. भीमाईने ट्रंका किती वेळा बांधल्या, किती वेळा नव्या गावात चूल मांडली, ते कुठल्या दप्तरात नाही.

त्यांना चौदा अपत्ये झाली. चौदावे भीमराव. मागे राहिली ती पाच असे चरित्रकार सांगतात: बलराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली. चौदातून पाच वजा जाता नऊ. वजाबाकी माझ्या रोजच्या सवयीची आहे, पण ही वजाबाकी करताना पेन अडला. नऊ लेकरे गेली, बहुतेक लहानपणीच. जयंतीच्या भाषणात 'चौदावे रत्न' हा शब्द मीही वापरला आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. त्या टाळ्यांत त्या नवांची आई कुठे होती हे मनात आले नाही.

त्यात १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. ज्या इंग्रजांची पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली त्यांनीच दार लावले. पुढे पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली एक महार पलटण उभारली आणि १९२१ साली मोडूनही टाकली. मग १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती बाबासाहेबांनी सरकारपाशी धरलेल्या आग्रहामुळे. आईच्या माहेरासासरची माणसे ज्या दाराने आतबाहेर करत होती, ते दार मुलाने पुन्हा उघडून घेतले. आमचे हवालदार काका त्याच दाराने आत गेले आणि काकी फौजीची बायको झाल्या.

रामजी निवृत्त झाले, कुटुंब कोकणात दापोलीला आले आणि पुढे साताऱ्याला. तिथे १८९६ च्या सुमारास भीमाई गेल्या. भीमराव पाच वर्षांचे.

भीमाई कशा होत्या हे सांगणारे फारसे काही नाही. पण त्या गेल्यावर घराचे काय झाले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन १९९० साली पुस्तिका म्हणून छापून आले. आपल्यापैकी अनेकांनी त्यातली गोरेगावच्या प्रवासाची हकीकत ऐकली असेल: मसूर स्टेशनावर उतरलेली नव्या कपड्यांतली पोरे, भाडे दुप्पट देऊनही जवळ बसायला तयार नसलेला गाडीवान, सोबत खायला असून पाणी न मिळाल्याने काढलेली उपाशी रात्र. सभांत ती हकीकत सांगतात आणि सांगायलाच हवी. पण प्रवास सुरू होण्याआधीची एक-दोन पाने मी यावेळी पुन्हा वाचली.

वडील दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर, खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार. साताऱ्याच्या घरात भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले. लग्न झालेल्या बहिणी आपापल्या सासरी. मोठे माणूस म्हणून एक आत्या, मीराबाई. आत्या मायेच्या, त्यांच्यासारखे दयाळू माणूस आपण पाहिले नाही असे बाबासाहेब म्हणतात. पण ठेंगण्या, पायांनी अधू, कित्येकदा त्यांनाच उचलून न्यावे लागे. तेव्हा स्वयंपाक पोरांनी करायचा. शाळा सांभाळून भाकरी-पोळी काही जमेना. म्हणून ती पोरे पुलावावर राहत. तांदूळ आणि मटण एकत्र करून चुलीवर ठेवायचे, बस्स.

कॉलेजात असताना मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले, मजा आहे पोरांची, रोज पुलाव! पुढे आमच्या सौभाग्यवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि मी बावीस दिवस स्टोव्हवर खिचडी खाल्ली, तेव्हा तो पुलाव कसला होता ते कळले. पीठ मळायचे, थापायचे, तव्यावर टाकायचे, उलटायचे आणि चौघांना पुरेल एवढे रोज करायचे, हे ज्या हातांना येत होते ते हात घरात नव्हते. बाबासाहेबांनी आईच्या आठवणीवर लांबलचक लिहिलेले नाही. भाकरी होत नव्हती एवढेच लिहिले.

साताऱ्यात न्हावी त्यांच्या केसांना हात लावत नसे. ओट्यावर बसवून बहीण केस कापी. आईची कामे अशी वाटली गेली: केस बहिणीकडे, माया आत्याकडे, चूल पोरांकडे. एका बाईच्या कामाला एवढी माणसे लागली आणि तरी पुरी पडली नाहीत.

पुढे रामजींनी दुसरे लग्न केले, जिजाबाईंशी. आपल्या आईचे दागिने त्या घालतात हे लहान भीमरावाला सहन होत नसे, असे चरित्रात येते. यात जिजाबाईंचा दोष काढावा असे मला वाटत नाही. एकटा पुरुष, मागे मुले, पांगळी बहीण. बिचारी बाई त्या घरात आली ती काम करायलाच. पण पोराच्या बाजूनेही पाहा. आईचा फोटो नाही, आईचे पत्र नाही. आईची म्हणून डोळ्यांनी ओळखता येईल अशी वस्तू घरात असेल तर ती तेवढी. आणि ती आता दुसऱ्या अंगावर.

वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्या मुलाने ठरवले. साताऱ्याची पोरे तेव्हा गिरण्यांत लागत. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचे ठरवले. तीन रात्री प्रयत्न फसला, चौथ्या रात्री पिशवी हाती आली आणि निघाला त्यात अर्धा आणा. त्याची त्याला स्वतःचीच शरम वाटली आणि तिथून त्याने अभ्यासाला वाहून घेतले. हे बाबासाहेबांनीच सांगितले आहे. ही गोष्ट आपण अभ्यासाचे महत्त्व म्हणून मुलांना सांगतो. त्या रात्री घरात आई असती तर, हा प्रश्न मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

आता माझ्या विषयातले थोडे. सकाळच्या कॉलेजात बी.कॉम. करताना बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लायब्ररीतून आणला होता. १९२३ साली लंडनमध्ये छापलेला. खरे सांगतो, तेव्हा निम्माही समजला नाही. चांदी, सोने, विनिमयाचा दर, यात मी गटांगळ्या खाल्ल्या. अर्पणपत्रिका कोण वाचतो? तीही मी ओलांडून गेलो होतो. काकींच्या विधीनंतर पुन्हा ते पान काढून पाहिले. तो ग्रंथ त्यांनी आपल्या आईवडिलांना अर्पण केला आहे. रामजी जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती, भीमाईला सत्तावीसच्या आसपास. ज्या बाईचा चेहरा धड आठवत असेल-नसेल, तिचे स्मरण परदेशात छापलेल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर. तो अर्पण केलेला मजकूर वाचून दाखवायला ती घरात नव्हती.

काका गेल्यावर दर नोव्हेंबरला काकींना बँकेत हयातीच्या दाखल्याला मीच नेत असे. खिडकीवरचा माणूस कागदावरून डोके न काढता विचारी, "बाई हयात आहेत ना?" काकी समोर उभ्या. त्या मला हळूच म्हणायच्या, "सांग त्याला, अजून हाय." अंगठा उठवून घरी येताना रस्त्यात उसाचा रस पाजायच्या, पैसे त्यांचे. एवढे नोव्हेंबर बरोबर चाललो, रांगेत तासन्‌तास बसलो, पण "काकी, तुमचे गाव कुठले?" हे विचारायला मला सवड झाली नाही.

म्हणून विधीच्या आठवड्याने मी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गेलो. त्या आणि काकी एकाच पट्ट्यातल्या असे कोणीतरी म्हणाले होते. आजींना ऐकू कमी येते, पण आठवण पक्की. काकींचे गाव त्यांनी सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, माहेरचे नावही सांगितले. ती नावे मी इथे छापत नाही, ती त्या घरची आहेत. पण वाचून दाखवलेल्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ती लिहून काढली. जन्मतारीख आजींनाही सांगता आली नाही. "भात कापनीच्या टायमाला झाली, येवढं तिची आय सांगायची," म्हणाल्या. मी तेच लिहिले. १ जुलैवर काट मारली.

मग आजी आपणहून बोलू लागल्या. "प्वॉरगी पोहायला लई तरबेज. ओहोटी लागली की खाडी पवून पल्याड जायची नि कालवं काढून आणायची. पोरग्यांना जमत नव्हतं ते." हेही लिहिले.

तो कागद मी त्यांच्या मुलाला नेऊन दिला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, उभ्यानेच त्याने तो वाचला. शेवटच्या ओळीवर थांबला.

"आई पोहायची?" त्याने मला विचारले. "अहो दादा, चौपाटीवर गेलो की आम्हाला घोट्याच्या वर पाण्यात जाऊ द्यायची नाही. आणि स्वतः पोहायची?"

मग त्याने कागद उलटा करून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.